वेगळ्या चुलीची डिश

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर कुडाळच्या चंपूताई केसरकरांचे सासरे, तात्या, खालच्या खोलीत राहायला आले आणि तिसऱ्याच दिवशी कंटाळून भिंतीशी बोलू लागले. टीव्ही होता वरच्या मजल्यावर. डिशची जोडणी खाली घ्यावी म्हणून ताईंनी विक्रेते नाटेकरांना बोलावलं.

नाटेकर म्हणजे बोलण्यात वकिलाचा बाप. खोलीत शिरताच त्यांची नजर तात्यांच्या चहापुरत्या शेगडीवर गेली.

"वहिनी, घरातल्या घरात जोडणी हलवायचे दीडशे. पण इथे तर वेगळी चूल! वेगळी चूल म्हणजे वेगळं घर. त्याचे नऊशे."

"अहो, दार एक, जिना एक!"

"नियम म्हणजे नियम."

तात्या खजील झाले. "राहू दे गो, मी रेडिओ ऐकेन," म्हणाले. ताई नाटेकरांकडे वळल्या.

"हे वेगळं घर, नक्की ना?"

"शंभर टक्के! लिहून देतो." नाटेकरांनी पावतीवर ऐटीत तसं लिहून सही ठोकली.

ताईंनी पावती उलटली आणि मागची जाहिरात मोठ्याने वाचली, "'नव्या घरात पहिली जोडणी बॉक्ससकट मोफत.' नाटेकर, या घरात आजवर डिश आलेलीच नाही. वरची वर राहू द्या, इथे नवी बसवा."

नाटेकरांनी घाम पुसला. खोली पुन्हा एकदा न्याहाळली.

"वहिनी, आता नीट पाहिलं तर... घर एकच दिसतंय."

ताईंनी हसत दीडशे काढून दिले. संध्याकाळी तात्या कबड्डीच्या पंचाला खणखणीत शिव्या घालत होते.