न बोललेल्याचं सुतक

शुद्धलेखन चुकेल, शब्दही साधेच आहेत, सांभाळून घ्यावं.

कौलांच्या कारखान्यातल्या बाळकूची तान्ही मुलगी गेली. बायको घरात एकटी पडू नये म्हणून त्याने रजा मागितली. मॅनेजर देवस्थळींना विद्वत्ता पाजळायची भारी हौस. ते म्हणाले, "तान्ह्या पोराला इंग्रजीत इन्फंट म्हणतात. मूळ लॅटिन. 'इन' म्हणजे नाही, 'फान्स' म्हणजे बोलणारा. जे बोललंच नाही, त्याचं सुतक कसलं रे?"

बाळकूने मान खाली घालूनच विचारलं, "साहेब, तुमचा टायगर मेला तेव्हा कारखाना दिवसभर बंद होता. तो कुत्रा काय बोलायचा?"

साहेबांनी रजा दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळकू बायकोला घेऊन ओढ्याकाठी गेला आणि लेकीला पुरलं होतं तिथल्या मातीच्या लहानशा ढिगावर वाटीभर दूध ओतून आला.