शिट्टीनंतरची पकड

जत्रेतल्या कबड्डीचा उपांत्य सामना भांडणात संपला. शिट्टी वाजून चढाई संपली, तरी बाबाजीने यमुनाकाकूंच्या माधवचा घोटा सोडला नाही, उलट पिळला. माधव लंगडतच बाहेर आला.

काकू पंचांना म्हणाल्या, "खेळात लागतं-खुपतं, त्याची तक्रार नाही. पण बाबाजीला अंतिम सामन्यात उतरू देऊ नका. आणखी कुणाचा पाय जाईल."

बाबाजीच्या संघाचे सर्वेसर्वा रावसाहेब मिशीवर हात फिरवत हसले. "काकू, हा मर्दानी खेळ आहे, भोंडला नव्हे! घरी जाऊन उपास सोडा. ही पकड आम्ही मुद्दाम शिकवतो."

काकूंचा सोमवार होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "शिकवता ना? मग सरावात रोज होत असेल. आता बाबाजीला तुमच्या धनाजीचा घोटा तस्साच पिळून दाखवू दे."

धनाजी हा रावसाहेबांचा मुलगा, त्याच संघाचा कप्तान. बाबाजी वाकला मात्र, रावसाहेब ओरडले, "अरे थांब! पाय मोडशील त्याचा!"

"का हो रावसाहेब," काकूंनी विचारलं, "घरचा पाय दिसला की लगेच भोंडला?"

पंचांनी तिथल्या तिथे बाबाजीचं नाव खोडलं.