कर्ता नसलेली पाटी

“‘निघून गेले’? मास्तर, तुम्ही काय हवापालटाला निघून गेला होतात?”

एमेशेनं फोटो टेबलावर आपटला.

लोरँड बोदोर वाटाणे सोलत होते. त्यांनी फोटोकडे पाहिलं आणि पुढची शेंग उचलली.

फोटोत हंगेरीतल्या सारोश्वार गावातलं त्यांचं जुनं घर होतं. ते सुटून आयुष्य लोटलं. आता ते परमुलखात, इटलीतल्या त्रिएस्तच्या बंदराजवळ दोन खोल्यांत राहत. गावातल्या त्या जुन्या घराच्या भिंतीवर गावकऱ्यांनी नवी संगमरवरी पाटी बसवली होती : ‘कवी लोरँड बोदोर या घरात राहत असत. पुढे ते परदेशी निघून गेले.’

एमेशे त्याच गावची. राज्य बदललं, सीमा खुल्या झाल्या, तेव्हापासून सुट्टी मिळाली की ती गाडीत बसायची आणि मास्तरांना कविता दाखवायला यायची. आपण एकही शब्द मिळमिळीत लिहीत नाही, असा तिचा तोरा होता.

“भर चौकात तुमची पुस्तकं जाळली. अंगावरच्या कपड्यांनिशी सीमेपार ढकललं. आई गेली, तर मातीलाही येऊ दिलं नाही! आणि ही माणसं लिहितात, निघून गेले. काही लाज?”

“आईचं नाव काढू नकोस.” मास्तरांचा आवाज चिरकला. हातातली शेंग चुरगळली होती. “राग मलाही येतो.”

एमेशे वरमली. पण क्षणभरच.

“मग मी नगरपालिकेत जाऊन भांडते. पाटी बदलायला लावते.”

“काय हवंय तिथं?”

“‘त्यांना देशाबाहेर हाकलण्यात आलं.’”

मास्तरांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. “लिही.”

तिनं पेन दाबून दाबून लिहिलं.

“कर्ता कुठाय?”

“म्हणजे?”

“हाकलणारा. वाक्यात दिसत नाही.”

तिनं खोडलं. लिहिलं, ‘सरकारनं हाकललं.’

“सरकार राजधानीत होतं. माझ्या दारात कोण आलं होतं?”

‘गावच्या समितीनं.’

“समितीला तोंड नसतं, एमेशे. ‘चल, ऊठ’ असं मला एका माणसानं म्हटलं.”

पेन थांबलं.

तिला माहीत होतं. लहानपणी घरी जेवताना ही गोष्ट तिनं कितीदा तरी ऐकली होती : आजोबांनी कवीला कॉलर धरून कसं फरफटत बाहेर आणलं. सगळे खो खो हसायचे. तीही हसायची. मग पुढे त्या कवीच्या कविता तिच्या हाती लागल्या, आणि तिनं ही गोष्ट कुणापाशीच काढली नाही.

“तुम्हाला… कधीपासून माहीत आहे?”

“पहिल्यांदा दारात उभी राहिलीस ना, तेव्हाच. हनुवटी त्याचीच आहे.”

“आणि तरी आत घेतलंत?”

मास्तरांनी आणखी एक शेंग सोलली.

चिडावं तरी कुणावर… त्या पाटीवर, आजोबांवर, की सगळं ठाऊक असून आजवर तिच्या कविता तपासत बसलेल्या या म्हाताऱ्यावर? तिनं कागद ओढला आणि एका दमात लिहून टाकलं : ‘माझे आजोबा विन्त्से केलेमेन यांनी कवीला कॉलर धरून या घरातून बाहेर काढलं.’

मास्तरांनी ते वाचलं.

“हेच कोरायला लावते,” ती म्हणाली. “आणि एवढ्यावर सोडणार नाही! आजोबा एकटे नव्हते. बाकीचे कोण कोण होते, सांगा मला. एकूण एक नाव लिहिते!”

मास्तरांनी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. त्याला टोपण लावलं.

“बाकीची त्यांच्या नातवंडांना लिहू दे.”