धामणीच्या धनुष्याची कहाणी

ऐका धामणमाते, तुझी कहाणी. डोंगराच्या पायथ्याशी एक आटपाट गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला रान होतं, रानात धामणीची झाडं होती. त्या गावात लखमा नावाचा धनुकार राहत होता. त्याची बायको नवशी. लखमा धामणीच्या लाकडाची धनुष्यं करी. धामणीचं लाकूड मोठं गुणी. ओढलं तर वाकतं, सोडलं तर सरळ होतं.

त्यांच्या घरी सासूपासून चालत आलेला वसा होता. मार्गशीर्षमासी पहिल्या मंगळवारी नवशीनं न्हावं, धामणीखाली जावं, हळदकुंकू वाहावं, बुंध्याला सुताचा दोरा गुंडाळावा. मग म्हणावं, "आई, फांदी मागते, झाड मागत नाही." मग लखमानं एकच फांदी तोडावी. घरी आणावी, सावलीत वाळवावी, विस्तवाजवळ नेऊ नये. वर्ष उलटल्यावर तासायला घ्यावी. त्यातलं पहिलं धनुष्य विकू नये. ज्याला कुणी राखणारं नाही, त्याला द्यावं. असा वसा होता. तो दोघं पाळत होती, सुखानं नांदत होती.

पुढं काय झालं? राजाच्या मनात शिकारीला जायचं आलं. राजाचा शिपाई लखमाच्या दारी आला. म्हणाला, "राजाला पुष्कळ धनुष्यं हवीत. होळीच्या आत दे, तुला दरबारचा धनुकार करतील." लखमा हरखला. कोयता घेऊन निघाला. नवशी आडवी आली. "अहो, आज मंगळवार नाही. हळदकुंकू नाही, दोरा नाही." लखमा म्हणाला, "झाडाला विचारत बसलो तर होळी निघून जाईल." नवशीला पुढं बोलायचं होतं. पण दरबारची गोष्ट तिच्याही मनात शिरली होती. ती गप्प बसली.

मग लखमानं अख्खी धामण तोडली. लाकूड चुलीवर टांगलं, धुरानं काळं झालं तसं घाईघाईनं तासलं. शिपाई आला, म्हणाला, "ओढून दाखव." लखमानं धनुष्य ओढलं. ते वरून वाळलं होतं, आत ओलं राहिलं होतं. मधोमध मोडलं. ढलप्या उडाल्या, लखमाच्या डोळ्यांत गेल्या. त्याची दृष्टी गेली. शिपाई तसाच माघारी गेला.

मग लखमा भिंतीकडं तोंड करून बसू लागला. जेवा म्हटलं तर जेवे, निजा म्हटलं तर निजे, आपणहून बोलेना. नवशी लोकांची दळणं दळू लागली, घर चालवू लागली.

एके दिवशी ती सरपणाला रानात गेली. समोर तोडलेल्या धामणीचा खुंट दिसला. तशी ती मटकन खाली बसली, रडू लागली. तिथं एक म्हातारी आली. म्हणाली, "बाई बाई, का रडतेस?" नवशी म्हणाली, "माझ्या घरधन्याचे डोळे गेले." "ते दुःख खरं. आणखी का रडतेस?" "तो माझ्याशी बोलत नाही." "तेही खरं. आणखी?" नवशीनं मान खाली घातली. म्हणाली, "मी आणखी अडवायला हवं होतं. मी गप्प बसले."

म्हातारीनं तिला जवळ घेतलं, पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "मुळं अजून जिवंत आहेत. रोज कळशीभर पाणी घाल. कोंब येईल. तो मनगटाएवढा होईतो वाट बघ. मध्येच सोडशील?" नवशी म्हणाली, "सोडणार नाही." वर पाहते तो म्हातारी कुठं नाही.

मग नवशी रोज पाणी घालू लागली. खुंटाला कोंब फुटला. ती घरी आली, म्हणाली, "अहो, धामणीला कोंब आला. चला, हात लावून बघा." लखमा बोलला नाही. कोंब गुडघ्याला लागला. ती म्हणाली, "अहो, चला." लखमा म्हणाला, "मला काय दिसणार आहे?" कोंब डोक्यावर गेला. ती म्हणाली, "अहो, आता माझा हात शेंड्याला पोचत नाही." लखमानं तोंड वळवलं. "सरळ वाढलाय का?" "ते तुम्हीच सांगा."

मग नवशीनं त्याचा हात धरला, वाट दाखवत नेलं. लखमानं कोंब बुडापासून चाचपला. हात पोचेल तिथवर बोटं नेली. मग म्हणाला, "अगं, ही माझ्यावर रागावलेली नाही."

कोंब मनगटाएवढा झाला, खुंटाला आणखीही कोंब फुटले. मार्गशीर्षातला मंगळवार आला. नवशीनं दोरा गुंडाळला, मागणं मागितलं. एकच कोंब घेतला, बाकीचे राखले. सावलीत वाळवला. वर्ष उलटलं. लखमा म्हणाला, "आता तासणार कोण?" नवशी म्हणाली, "तुम्ही सांगा, मी तासते."

मग ती तासू लागली, तो सांगू लागला. "सालीकडची पाठ अखंड ठेव. पोटाकडून तास. मुठीशी जाड, टोकाकडं बारीक." ती धनुष्य वाकवी, तो वरून बोटं फिरवी. "खालची बाजू अजून ताठ आहे. थोडी उतरव. घाई नको." तिच्या तळव्याला फोड आले. तिनं सांगितलं नाही. पण त्यानं हात हातात घेतला, फोडांवर हळूहळू फुंकर घातली. त्या दिवशी कोयता बाजूला ठेवला.

धनुष्य झालं, दोरी चढली. त्याच दिवशी शिपाई आला, म्हणाला, "हे राजपुत्राला द्या. दरबारात जागा मिळेल." तेवढ्यात ठकू नावाची धनगरीण आली. नवरा वारलेला, घरात दुसरं माणूस नाही. म्हणाली, "लांडगा रोज एक कोकरू नेतो. मला काही द्या." नवशी म्हणाली, "शिपाईदादा, हे पहिलं धनुष्य. राजपुत्राला फौज राखते, हिला कुणी नाही." लखमा म्हणाला, "ती म्हणते तेच माझं." शिपाई घुटमळला, मग निघून गेला. धनुष्य ठकूनं नेलं.

काही दिवसांनी ठकू परत आली. म्हणाली, "लांडगा पळाला, कोकरं वाचली. वाटेत एक म्हातारी भेटली, तिनं हा धामणीचा पाला दिला. धनुकाराच्या डोळ्यांत पिळ म्हणाली." नवशीनं पाला चुरला, रस पिळला. लखमानं डोळे उघडले. आधी धुकं दिसलं, मग उजेड दिसला. मग समोर नवशी दिसली. केसांत पांढरं आलेलं, तळव्यांना घट्टे पडलेले. लखमा म्हणाला, "हे हात असे कधी झाले?" नवशी म्हणाली, "तुम्ही शिकवत होता तेव्हा." लखमानं ते दोन्ही तळवे आपल्या डोळ्यांवर ठेवले.

जशी धामणमाता त्यांना पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. बोलणं खुंटलेल्या घरात बोलणं येवो, तोडल्या खुंटाला कोंब येवो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, सांगणारीला आणि ऐकणाऱ्यांना फळली, इथं सुखानं पुरी झाली.