माशांचा मुजरा

राजाची होडी खाडीतून गेली आणि एकही मासा उभा राहिला नाही!

झालं! मानाजीराजे खवळले. माणसं उठतात, बसलेले उंट उठतात, मुदपाकखान्यातलं म्हातारं मांजरसुद्धा उठून शेपटी वर करतं. मग हे मासे कोण लागून गेले?

"दवंडी पिटा!" राजा ओरडला. "अमावास्येला खाडीतले समदे मासे उभं राहून मला मुजरा करतील. नाही केला, तर खाडी बुजवा! तिथं मी वांगी लावीन!"

कोळीवाड्यात रडारड. खाडी गेली तर जाळं टाकायचं कुठं? वांग्यांवर?

इकडं प्रधानजी माशांना उभं राहायला शिकवायला लागले. हसता काय? पगारच त्याचा होता! बोय मासळीला काठी बांधली, ती काठीसकट पळाली. सापासारखी वाम तर सरळच होईना, वळवळत प्रधानजींच्या बाहीत शिरली, आणि प्रधानजी भर दरबारात असे नाचले की राजानं एक नाणं फेकलं. शेवटी चपटा लेपा सापडला. दोन पाटांच्या मधे दाबून केला उभा! पण लेप्याचे दोन्ही डोळे एकाच अंगाला. राजा उजवीकडून आला, लेप्यानं बघितलं. डावीकडून आला, लेपा आपला भिंतीकडं बघतोय!

"माझ्याकडं पाठ करतो? बुजवा खाडी!"

मातीच्या गाड्या निघाल्या. काठावर हिरूबाय कोळीण बैलांच्या पुढ्यात उभी ठाकली. डोक्यावर टोपली, हात कमरेवर.

"म्हाराज, आमचे मासे मुजरा करतात की! पण त्यांच्या दारात. ओहोटीला चालत या."

"चालत? चिखलातनं?"

"मग काय त्यांनी पालखीतनं यायचं?"

अमावास्येची ओहोटी लागली. पाणी हटलं, चिखल उघडा पडला. राजानं जोडे काठावर काढले, उतरला खाली. बघतो तर काय! बिळाबिळातनं निवट्या बाहेर! बोटाएवढे मासे, डोळे टाळूवर, आणि पुढच्या दोन परांवर चक्क उभे! कुणी चालतंय, कुणी टुणकन उडतंय. एकीनं तर पाठीवरचा पर झेंड्यासारखा उभारला.

"मुजरा! मुजरा!" राजा टाळ्या पिटत पुढं धावला आणि कमरेएवढा रुतला. मग दोन्ही हात टेकून, डोळे वटारून, सरपटत बाहेर आला.

हिरूबाय म्हणाली, "चाल मात्र घराण्याची हाय हां!"

"काय बोललीस? आणि ह्या तर नुसत्या निवट्या! बोय कुठंय? वाम, रावस, मुशी? समदे उभे कर!"

"करते की! पण आधी ऐका. लई जुनी गोष्ट. तवा माणूस नव्हता, राजा नव्हता, सगळा कारभार पाण्यात. असाच कुणी एक मासा परांवर उभा राहिला. त्याला बरं वाटलं! पोरं त्याच्यापेक्षा जास्त उभी राहिली, नातवंडं त्याहून जास्त. परांचे झाले हातपाय, आली समदी बाहेर. कुणी बेडूक झालं, कुणी बैल, कुणी प्रधानजी. आणि त्यातलाच एक पागोटं बांधून सिंहासनावर बसला!"

"म्हंजे... मी?"

"तुमीच! एक मासा उभा राहिला त्याची ही गत. समदे उभे राहिले तर खाडीभर राजे होतील! सिंहासनं किती हायत तुमच्याकडं?"

राजानं घाबरून काठाकडं बघितलं. त्याच्या जरीच्या जोड्यात एक निवटी जाऊन बसली होती. ऐटीत!

"ए! ऊठ तिथनं!"

"उठा म्हणू नका म्हाराज, त्यानंच तर समदं होतं!"

मग राजाला असं हसू फुटलं, की हसता हसता पुन्हा चिखलात बसला! खाडी कायमची कोळीवाड्याला दिली, हिरूबायच्या हातात सोन्याचे तोडे घातले, आणि तिथंच नवी दवंडी पिटवली:

"ऐका हो ऐका! आजपासून समद्या माशांनी आडवंच राहायचं! उभं राहील त्याला शिक्षा!"

लेप्यानं ती इतकी मनावर घेतली, की अजून उठलेला नाही!