थर्मासचं घट्ट झाकण

वस्तू एकमेकींशी बोलत, त्या काळातली ही गोष्ट. माळावरच्या गुरांच्या दवाखान्यात, गाईंच्या रेतनाचं बीज गोठवून ठेवायला, द्रव नायट्रोजनची एक टाकी होती. तिच्या पोटातला द्रव बर्फापेक्षा कितीतरी गार होता, तरी सारखा उकळत असे. त्याची वाफ सैल झाकणातून बाहेर पडे.

"केवढी ही नासाडी!" टेबलावरचा थर्मास म्हणे. "माझ्यातून थेंब तरी बाहेर जातो का?"

"वाफेला वाट हवी, बाबा," टाकी सांगे. "नाही तर ती आपल्यालाच फोडते."

थर्मास नुसता हसे.

एके दिवशी बीज गार ठेवून वाडीवर न्यायचं म्हणून शिपाई यमाजीने थोडा द्रव थर्मासात ओतला, झाकण गच्च आवळलं आणि तो गाडीची वाट पाहत बसला.

बऱ्याच वेळाने थर्मास घाबऱ्या आवाजात म्हणाला, "ताई, पोटात काहीतरी फुगतंय. थांबतच नाही."

"झाकण सैल कर!"

"मला येत नाही गं!"

त्याचं अंग करकरू लागलं. यमाजीने हात पुढे केला, तोच डॉक्टरबाई दारात आल्या आणि किंचाळल्या, "हात लावू नका! आधी बाहेर पळा!"

दोघं धावत लांब बांधाआड गेली.

"मला सोडून गेले?" थर्मासने विचारलं.

"आता तुझ्याजवळ कुणालाच येता येणार नाही," टाकी म्हणाली.

मोठा धमाका झाला. खिडकीच्या काचा अंगणात पडल्या. बांधाआड यमाजी आपले दोन्ही हात पुन्हा पुन्हा पाहत होता. आत, पांढऱ्या धुक्यात, टाकीने थर्मासला हाक मारली. उत्तर आलं नाही.