पोवळीचे पोट आणि सात कोठारे

बसा पाहुणे, घोंगडी इकडे ओढून घ्या. कथेआधी एक विचारतो, विचार करून उत्तर द्या. एखाद्याची खरी हकीकत हवी असेल, तर भरवसा कुणावर ठेवाल? त्याच्यावर जीव टाकणाऱ्यावर, की त्याला रोज भिऊन राहणाऱ्यावर? उमेदीत मी एकदा घोडा घेतला. विकणाऱ्याने घोड्याचे गुण गायले, मी मान डोलावली, आणि मागच्या दाराने जाऊन तबेल्यातल्या त्या माणसाला गाठले ज्याला घोड्याने दोनदा लाथ मारली होती. घोडा कशाला बुजतो, आधी कुठला पाय उचलतो, सगळे त्याला पाठ. असो. मी दमलेला आहे, आणि या कथेतली माणसेही दमलेलीच आहेत. सावकाश जाऊ.

एका राज्यात सात कोठारे होती, आणि सातही कोठारांची दारे एका मांजरीच्या पोटाला बांधलेली होती.

ते असे झाले. राजा वसुमंताच्या आजोबांनी करालिका नावाच्या जादूगारणीच्या मदतीने न सरणाऱ्या धान्याचा ठेवा मिळवला, आणि वाटा द्यायची वेळ आली तेव्हा सांगितले, "ठेवा रिकामा निघाला, बाई." करालिका चिडली नाही. तिने महालातली मांजर उचलली, तिच्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हिचे पोट मोकळे, तर तुझी दारे मोकळी. हिचे बंद, तर तुझी बंद. ज्या दिवशी या महालातली सगळी माणसे एका गोष्टीबद्दल खरे बोलतील, त्या दिवशी गाठ सुटेल." दरबार हसला. ती अट पुन्हा कुणी तोंडावर आणली नाही.

गाठ आईकडून पिल्लाकडे उतरत आली. वसुमंताच्या काळी ती पोवळी नावाच्या तांबूस मांजरीकडे होती. तिला सांभाळायला आवडाई नावाची साठीची बाई नेमलेली, आणि फिरवायला पालखी. पोवळीने डोळे उघडले ते आवडाईच्या पदरात.

आणि एका वर्षी, ऐन उन्हाळ्यात, पोवळीचे पोट बसले.

ती राखेच्या घमेल्यात जाई, पाठ वाकवी, कळवळून ओरडे आणि तशीच बाहेर येई. एक दिवस झाला, दोन झाले, चार झाले. तिने खाणे सोडले. सातही दारे मिटली, अंगणातले कारंजेही त्याच घटकेला थांबले. नगरात चुली पेटेनात.

त्रिमल वैद्यांनी मांजरीचे पोट हलक्या बोटांनी चाचपले. आत जणू खडे भरले होते.

"काय खाल्लं हिनं?"

"ताटातलं," सगळे म्हणाले. "दुसरं काही नाही."

"ताटात काय असतं?"

"उकडलेला मासा, जरासा भात."

"मग हे असं व्हायला नको," वैद्य म्हणाले आणि कपाळ चोळत बसले. "मी औषध तरी कशावर देऊ?"

तेव्हा मांत्रिक धूम्रकर्ण पुढे आला. त्याच्या कानांतून धूर निघत असे, म्हणून लोक त्याच्यापासून वीतभर लांब उभे राहत. "महाराज, बंद पोट उघडलं की दारं उघडतील. चिरा. घटकाभराचं काम."

आवडाईने पोवळीला पदराखाली घेतले. राजा चार दिवस झोपला नव्हता. तो म्हणाला, "उद्या सूर्य मावळेपर्यंत थांबतो, आवडाई. त्यापुढे माझ्याच्याने होणार नाही. नगरातली पोरं उपाशी आहेत."

दुसऱ्या दिवशी फटफटताच आवडाई सभागृहात गेली. तिथे तुळईवर एक साळुंकी राहत असे. तिला बोलता येई. तिचा उजवा पंख मोडका होता; तो पोवळीनेच मोडला होता.

"साळुंके, तू दिवसभर तिच्यावर नजर ठेवतेस."

"ठेवते. ती कुठं आहे हे ज्या क्षणी मला ठाऊक नसेल, तो माझा शेवटचा."

"तिला वाचवायचं कसं, सांगशील?"

"सांगेन."

"तुझं तिच्याशी हाडवैर. मी तुझ्यावर विश्वास का ठेवू?"

साळुंकी थकलेल्या आवाजात म्हणाली, "ही मेली तर दुसरी येईल. हिची चाल मला पाठ झाली आहे. नव्या मांजरीची चाल शिकायचं माझं वय राहिलं नाही, बाई."

आवडाईला हे पटले. ती खांबाला टेकून उभी राहिली.

"तीन कामं आहेत," साळुंकी म्हणाली. "पहिलं, वाहतं पाणी आण. ताटाशेजारच्या त्या चांदीच्या वाटीला तिनं कधी तोंड लावलेलं मी पाहिलं नाही. पाणी खाण्यापासून लांब ठेव, हलतं ठेव. दुसरं, तांबडा भोपळा आण. नुसता उकड, मीठ नको, फोडणी नको. मासा उकडलेल्या पाण्यात बोराएवढा कालव, त्याहून जास्त नको. तिसरं, तिच्या पोटात काय गेलं ते महालातल्या माणसांकडून वदवून घे."

"तू तर सगळं पाहिलंस. तूच सांग ना."

"मी सांगितलं तर ते माझं खरं. गाठीला त्यांचं हवं. आणि वैद्यांना निरोप दे, जबडा फाकवून एरंडेल ओतू नका. ओरडणाऱ्या मांजरीच्या घशात तेल ओतलं, तर ते फुप्फुसात उतरतं. पोटही दाबायचं नाही." साळुंकीने तिच्याकडे एका डोळ्याने पाहिले. "तिसरं काम तुलाच सगळ्यांत जड जाईल."

"मला का?"

साळुंकी पंख साफ करू लागली.

आवडाई निघाली. नगराबाहेर एक झरा होता, आणि त्यावर दगडी हत्तीचा पहारा होता.

"का आलीस?" हत्तीने विचारले.

"मांजर पाणी पीत नाही. वाहतं पाणी हवं."

"अमरपणा नको? तारुण्य?"

"तारुण्य घेऊन काय करू? पुन्हा एवढंच चालायचं."

हत्तीने डोळे मिटले. "तीनशे वर्षांनी कुणीतरी पाण्यासाठी पाणी मागितलं. भर घडा. हा घडा ठेवशील तिथं पाणी झुळझुळत राहील." तिने घडा भरला.

पुढच्या टेकडीवर राक्षसाची बाग होती. राक्षस बांधावर पाय सोडून बसला होता आणि एकेक पाऊल दाबत होता.

"भोपळा हवा," आवडाई म्हणाली.

"मला विचारणाऱ्याला मी खातो."

"खा. पण आधी पाच पळं बसू दे. पाय फार दुखतात."

"माझेही दुखतात," राक्षस म्हणाला. "बैस."

दोघे बसली. टाचेच्या भेगांवर काय लावावे, यावर थोडे बोलणे झाले. मग राक्षसाने वेलीवरचा बेताचा भोपळा तोडून तिच्या हाती दिला. "जा. तुला खायचं म्हणजे आता उठावं लागेल."

ती परतली तेव्हा दोन प्रहर टळले होते. घडा अंगणाच्या कोपऱ्यात ठेवताच पाणी झुळझुळू लागले. पोवळीने कान टवकारले, कशीबशी उठली आणि दहा-बारा वेळा जीभ लावून पाणी प्यायली. भोपळ्याचा घास तिने हुंगला, अर्धा खाल्ला आणि पुन्हा आडवी झाली. धूम्रकर्ण पायरीवर सुरीला धार लावत होता.

उरले तिसरे काम. आवडाई चौकात उभी राहिली. समोर राजा, राणी, सेनापती, पुरोहित, मुदपाकातला आचारी, सगळे. "तुम्ही काय खाऊ घातलं?" असे विचारले, तर कालचेच उत्तर येणार, हे तिला कळत होते. चूक कबूल करायला माणसाला फार कष्ट पडतात. पण माया मिरवायला?

ती सहज म्हणाली, "आज तिचा शेवटचा दिवस. तिला आवडतं ते चार घास द्यावेत म्हणते. तिला सगळ्यांत काय आवडायचं हो?"

"मलई," राणी सुगंधा पटकन म्हणाल्या. "माझ्या हातची. वाटीभर संपवते."

"मलई?" सेनापती हसले. "राणीसाहेब, तुमचं मन राखायला चाटत असेल. हाड आवडतं तिला. माझ्या ताटातलं हाड बघून कशी नाचते!"

"ती नाचते ती पेढ्याला," पुरोहितबुवा म्हणाले. "नैवेद्य झाला की पहिला पेढा तिचा."

"अहो, माझ्या तळलेल्या माशापुढं पेढा कसला!" आचारी म्हणाला. "शेपटीसकट खाते."

राजा खाली बघत पुटपुटला, "पनीर. बोटाने भरवतो मी. मला वाटायचं, मी एकटाच देतो."

प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहत होता. त्रिमल वैद्य कोळशाने भिंतीवर लिहीत होते: मलई, हाड, पेढा, तळण, पनीर. लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. "आणि काल मला सांगितलंत, ताटातलं!"

पण दारे हलली नाहीत. सूर्य तटाला टेकला. धूम्रकर्ण उठला.

आवडाईने सभागृहाच्या उघड्या दारातून तुळईकडे पाहिले. साळुंकी तिच्याकडेच पाहत होती. आवडाई खाली बसली आणि म्हणाली, "मी सुकट भाजून देते. रोज दुपारी, सगळे निजले की."

वैद्यांनी लिहिले.

"एवढंच नाही. सुकट खाल्ली की तिला तहान लागायची. ती कारंज्यावर जायची आणि तिथंच सावलीला झोपायची. म्हणून मी कारंज्याकडचं दार लावून घेत होते. तहानलेली राहिली तरी चालेल, पण माझ्या मांडीवर राहावी. महिना झाला." तिने पदराने तोंड पुसले. "मीच तिला सुकवली."

तेव्हा सात कोठारांची दारे एकामागून एक उघडली. कारंजे फुरफुरले आणि उडू लागले. तीन पिढ्यांची गाठ सुटली. धूम्रकर्णाच्या कानांतला धूर विझला, त्याने सुरी म्यान केली आणि दुसऱ्या राज्याची वाट धरली. माणसे ओरडत धान्याकडे धावली. राणीही गेल्या, सेनापतीही गेले.

चौकात पोवळी मात्र तशीच पडून होती. दारे जादूची होती, उघडली. तिच्या पोटातले खडे खरे होते.

"आता मला कळलं, आत काय आहे," त्रिमल वैद्य म्हणाले आणि बाह्या सारल्या. त्यांनी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाची घडी तिच्या पोटाखाली ठेवली. हाडाचा कण रुतला नसल्याची बोटांनी खात्री केली, मगच मोजून औषध दिले. घटकाभराने म्हणाले, "हिला चालवा. पालखीत बसवून बसवून हिचं आतडंही बसलंय."

आवडाई सुतळीचे टोक जमिनीवरून ओढत पुढे आणि ते पकडायला पोवळी मागे, अशा दोघी अंगणभर फिरल्या. तीन फेऱ्या झाल्या, सहा झाल्या. आवडाईचे पाय भरून आले, तरी ती थांबली नाही. शेवटी पोवळीनेच सुतळी सोडली आणि घमेल्याकडे गेली.

ती बराच वेळ बसली. एकदा ओरडली. वैद्यांनी अदबीने तोंड फिरवले. मग राखेत आवाज झाला, आणि पोवळी पंजांनी राख ओढू लागली, नीटनेटकी, पूर्वीसारखी.

राजा कोठारावरून अनवाणी परत आला होता. त्याने घमेल्यात पाहिले आणि हात जोडले. "आवडाई, तुला काय देऊ?"

"काही देऊ नका, महाराज. तिलाही नका देऊ."

त्या दिवसापासून पोवळीचे ताट एक, वेळा ठरलेल्या, खाऊ घालणारा हात एक. कारंज्याकडचे दार उघडे. राज्यात चुली पेटल्या. पोवळी दुपारी कारंज्यावर जाऊन झोपे, आणि आवडाई रिकामी मांडी घेऊन ओसरीवर बसे. सात दिवस मांजर फिरकली नाही. आठव्या दिवशी ओल्या हनुवटीने आली, तिचा हात हुंगला, हातात काही नव्हते. थोडा वेळ तिने विचार केला आणि मांडीवर चढली.

तर पाहुणे, तुमच्याही घरी एखादा मुका जीव असेल. त्याने काय खाल्ले, किती पाणी प्यायले, पोट कधी साफ झाले, याचा हिशेब घरातल्या सगळ्यांनी मिळून ठेवा. आणि एवढी विनंती ऐका: तो हिशेब खरा ठेवा, आपल्या हातून गेलेला घास आधी मांडून.